ओढ्यात रापण

बाई पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या तेव्हा त्यांना काही विकायचं नव्हतं आणि काही घ्यायचंही नव्हतं. त्यांना ढिगावर बसायचं होतं.

वडीगोद्रीत हायवेला लागून माझं भंगारचं दुकान आहे. मागं मोठं आवार, त्याला चारी बाजूंनी पत्र्यांचं कुंपण. आत लोखंडाचा एक ढीग, प्लॅस्टिकचा एक, आणि ज्यांचं काय करायचं ते ठरत नाही अशा वस्तूंचा तिसरा. बाई सरळ त्या तिसऱ्या ढिगाकडं गेल्या. पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, साडीवर पुरुषी शर्ट, पायांत दोन वेगवेगळ्या रंगांच्या चपला.

"बाई, तिथं पत्रा हाय, लागंल," मी म्हणालो.

"लागू दे. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊनच आलेय," त्या म्हणाल्या आणि एका फुटक्या फवारणी पंपावर बसल्या. बराच वेळ नुसतं बघत राहिल्या. मग मला विचारलं, "शेठ, ही सगळी मंडळी कुठली रे?"

"कोणती मंडळी?"

"ही." त्यांनी ढिगावरून हात फिरवला. "ह्यांना काही गाव असेल की नाही?"

मला वाटलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. पुढंही मधूनमधून वाटत राहिलं, पण तोवर माझ्याही डोक्यावर झाला होता.

त्या मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या, कोळ्यांच्या घरातल्या. त्यांचे मालक आमच्या भागातले, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. कोकणात नोकरीला असताना लग्न जमलं आणि नंतर साहेबांची बदली इकडं कालव्यावर झाली. बाईंचा सगळा संसार कालव्याच्या कॉलन्यांत गेला. निवृत्तीनंतर साहेबांनी ओढ्याच्या काठी वडिलोपार्जित तुकड्यावर दोन खोल्या बांधल्या आणि वर्षभरात ते गेले. मूलबाळ नव्हतं. गावाला वाटलं, बाई आता माहेरी समुद्राकडं जातील. बाई कुठं गेल्या नाहीत. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "समुद्र बसलाय तिथं. तो काही म्हातारा होत नाही. इथलं बघायला कोण आहे?"

गावानं त्यांचं नाव समिंदरबाई ठेवलं. तोंडावर म्हणायला कोणी कचरत नसे आणि त्यांनाही ते बरं वाटायचं.

नवी वस्तू त्यांनी घेतलेली मी पाहिली नाही. घराचं दार म्हणजे एका ट्रकचा मागचा फाळका होता. माझ्याच आवारातून नेलेला. त्यावर मोर रंगवलेले आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'फिर मिलेंगे'. घरी येणाऱ्या पाहुण्याला पहिल्यांदा तेच दिसायचं. मी एकदा म्हणालो, "बाई, दार उलटं लावा ना, लोक बाहेर जाताना वाचतील." तर म्हणाल्या, "आत येणाऱ्याला आधीच सांगितलेलं बरं. म्हणजे फार वेळ बसत नाही." आणि मला बसवून काळा चहा पाजला. दूध त्या घेत नसत, कारण दूध पिशवीतून येतं.

चित्रं काढायच्या ती पोत्यांवर, पत्र्यांवर, फुटक्या माठांवर. आणि मासे करायच्या. सायकलच्या चेनची खवल्याखवल्यांची सुरमई, झिजलेल्या फाळांचा पापलेट, ट्रॅक्टरच्या सायलेन्सरची मुशी. माझा माल जालन्याला भट्टीत वितळायला जातो. गाडी भरून उभी असली की बाई ड्रायव्हरला खाली उतरवायच्या, वर चढायच्या आणि तळातलं काहीतरी ओढून काढायच्या. "ह्याला अजून थोडं जगायचंय," म्हणायच्या. ड्रायव्हर माझ्याकडं बघायचा, मी आभाळाकडं.

एक मोठा मासा त्यांनी हायवेवरच्या हॉटेलवाल्याला दिला. त्यानं तो दारात टांगला आणि त्याच्या पोटावर लिहिलं, 'मच्छी थाळी तयार आहे'. मला वाईट वाटलं. एवढी मेहनत, आणि त्याचा केला बोर्ड. बाईंना सांगितलं, तर त्या मुद्दाम बघायला गेल्या आणि खुशीत परतल्या. "बघ, कामाला लागला पठ्ठ्या. नाहीतर कोणाच्या तरी दिवाणखान्यात धूळ खात बसला असता." मात्र तिथली थाळी त्यांनी कधी खाल्ली नाही. धरणाच्या माशाला आतून मीठ नसतं, असं त्यांचं मत.

त्यांचा एक प्रश्न होता. तो त्यांनी गावात प्रत्येकाला कधी ना कधी विचारला असेल. कोणी म्हणालं, "बाई, ते जुनं कूलर टाकून दिलं," की बाई मान तिरकी करून विचारायच्या, "टाकून दिलंस? बरं. कोणाला दिलंस?" लोक चिडायचे. सरपंचांनी तर एकदा भर सभेत हात जोडले, "बाई, तुमच्या पाया पडतो, पण तेवढं इचारू नका."

आणि त्या लिहायच्या. कागदावर नाही, माझ्या कुंपणाच्या पत्र्यांवर. बाजाराच्या दिवशी सकाळी काळा रंग आणि ब्रश घेऊन यायच्या, हायवेच्या बाजूचा एक पत्रा निवडायच्या आणि त्यावर आठवड्याचं लिखाण उतरवायच्या. बाजाराला आलेली माणसं थांबून वाचायची, ट्रकवाले वाचायचे. एकदा लिहिलं होतं: 'आमच्या किनाऱ्यावर लाटेबरोबर चपला येत. नेहमी एकाच पायाची. जोडी कधी मिळाली नाही. काल इथं ओढ्यात दोन्ही सापडल्या. म्हणजे माणूस अनवाणी घरी गेला. शिवून ठेवल्या आहेत, घेऊन जावे.' दुसऱ्या दिवशी एक म्हातारा खरोखरच आला आणि मुकाट्यानं चपला घालून गेला.

पत्रे माझे विकाऊ होते. गिऱ्हाईक आलं की कुंपणातला पत्रा निघायचा, बाईंच्या लिखाणासकट. मी पुसून द्यायला जायचो तर त्या अडवायच्या. "जाऊ दे तसाच. वाचणारा मिळेल कुठंतरी." त्यामुळं बाईंचं लेखन आमच्या जिल्ह्यात छपरांवर पसरलेलं आहे. तीर्थपुरीकडं एका गोठ्यावर त्यांचा भरतीवरचा परिच्छेद उलटा लागलाय. पुण्याहून एक प्रकाशक त्यांचं लेखन एकत्र करून छापायचं म्हणून आला होता. बाईंनी त्याला गाडीत बसून गोठे हिंडायला सांगितलं. तो चहा पिऊन गेला.

आता जाळ्याचं सांगतो.

ओढा बाईंच्या घरामागून जातो, हायवेच्या पुलाखालून वळतो आणि पुढं गोदावरीला मिळतो. उन्हाळ्यात कोरडा. वरच्या गावांचा, ढाब्यांचा, शेतांचा सगळा कचरा त्याच्या पात्रात साठतो आणि पाणी आलं की निघतो. बाईंचं म्हणणं, हा कचरा इथंच अडवायचा. एका उन्हाळ्यात त्यांनी माझ्याकडून ठिबकच्या जुन्या नळ्या मागितल्या, खताच्या गोण्या उसवून त्यांचे दोरे काढले, पीळ दिला आणि माझ्या शेडमध्ये बसून जाळं विणायला घेतलं. बांबूची सुई त्यांनीच तासली होती. बोटं अशी चालायची, की बघणाऱ्याला गाठ कधी बसली ते कळत नसे. बापाकडून शिकल्या होत्या.

"काय बाई, ओढ्यात मासे धरून राह्यल्या का?" लोक विचारायचे.

"हो तर. गुटखा जातीचे. चमकतात छान."

हायस्कूलचे भूगोलाचे सर एकदा मुद्दाम थांबले. म्हणाले, "बाई, एक सांगू का? आपलं पाणी तुमच्या समुद्राला जातच नाही. गोदावरी पूर्वेला जाते, पार आंध्रात. तुमच्या वेंगुर्ल्याला इथली एक पिशवीसुद्धा पोचणार नाही."

बाईंनी सुई थांबवली. "मग तिथल्या बायका जाळ्यातून काय काढत असतील, सर?" एवढंच विचारून पुन्हा विणायला लागल्या. सरांनी गोणीचा दोरा धरून पीळ द्यायला सुरुवात केली.

जाळं झालं. बाईंनी आणि मी ते पात्रात आडवं लावलं, दोन टोकं दोन काठांच्या बाभळींना घट्ट बांधली. बारीकसारीक पावसात ते छान चाललं. पाणी पलीकडं जायचं, कचरा अलीकडं राहायचा. पाणी ओसरलं की बाई उतरून तो गोळा करायच्या. गावातले दोनचार जण कौतुकानं बघायला आले. बाईंची मान जरा ताठ झाली होती, हे मला दिसत होतं.

भाद्रपद संपता संपता वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला. इकडं थेंब नाही, पण ओढा दोन्ही काठ भरून आला. सकाळी मी दुकान उघडलं तर पुलावर माणसं जमलेली. जाळं कचऱ्यानं गच्च भरून भिंतीसारखं उभं होतं. बाईंच्या गाठी, एक सुटली नाही. पाण्याला पुढं जायला वाट राहिली नव्हती, म्हणून ते बाजूच्या रानात शिरलं होतं.

रान परमेश्वरचं. परमेश्वर म्हणजे आमच्या गावचा शेतकरी, बोलायला कमी, कामाला वाघ. बोंडं धरलेली कपाशी होती त्याची. ती कमरेएवढ्या गढूळ पाण्यात उभी होती आणि तिच्यावरून थर्माकोलच्या ताटल्या तरंगत होत्या.

तो कोयता घेऊन आला. बाई बाभळीपाशी भिजून उभ्या होत्या, दोर सोडायचा प्रयत्न करत. ओली गाठ सुटत नव्हती. परमेश्वरनं एका घावात दोर तोडला. भिंत कोसळली, पाणी घुसळत पुढं गेलं आणि अडवलेलं सगळं घेऊन गेलं. जाळंही.

"झालं का समाधान?" तो ओरडला. "तुमच्या समिंदराला वाचवून राह्यल्या अन् माझं रान बुडवलं!"

बाई म्हणाल्या, "चुकलं माझं."

"चुकलं म्हणून काय होतंय?"

"भरपाई देते रे. माझ्याकडं जे असेल ते."

"मला पैसे नको. माझं रान होतं तसं करून द्या." तो रागानं बोलला होता. असं कोणी करून देऊ शकत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

बाईंनी मात्र ते शब्दशः घेतलं.

पाणी उतरल्यावर रानात चिखल बसला आणि चिखलात प्लॅस्टिक. कपाशी पिवळी पडून माना टाकायला लागली. बाई सकाळी उन्हं यायच्या आत टोपली घेऊन जायच्या आणि एका कोपऱ्यापासून बसत बसत पुढं सरकायच्या. मी म्हणालो, "बाई, चार मजूर लावतो, जल्दी होईल." त्यांनी ऐकलं नाही. "जाळं मजुरांनी बांधलं होतं का?" त्यांचे गुडघे सुजले. मी टोपल्या उचलून नेण्यापुरता हातभार लावायचो, तेवढाच त्यांनी चालवून घेतला.

त्या आठवड्यात माझ्या पत्र्यावर त्यांनी लिहिलं: 'जाळं मी बांधलं. पाणी परमेश्वरच्या रानात गेलं. ह्यात ओढ्याची चूक नाही.' एक परमुलखातला ट्रकवाला ते वाचून हात जोडून गेला. त्याला वाटलं अभंग असावा. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या बऱ्याच दिवसांनी हसल्या.

परमेश्वर रानाकडं फिरकत नव्हता. त्याची बायको मंगल यायची आणि बांधावर उभी राहून बघायची. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नसे. काही दिवसांनी तिनं बांधावर पाण्याची कळशी ठेवली. मग चहा आला, दुधाचा. बाईंनी तो प्यायला. त्यानंतर एक दिवस मंगल पदर खोचून त्यांच्या शेजारच्या ओळीला बसली.

"तू कशाला गो?" बाई म्हणाल्या.

"रान माझं बी हाय की," मंगल म्हणाली. "अन् तुमी एकल्या कधी उरकणार? गव्हाला उशीर व्हईल."

असं काम चालू असताना खालच्या कोपऱ्यात चिखलातून रुपेरी रंगाचं एक टोक वर आलेलं दिसलं. बाईंनी ओढलं, येईना. मंगलनं हात लावला, तरी येईना. त्याच वेळी परमेश्वर बैलांना पाणी दाखवून बांधावरून चालला होता. बायकोला ओढताना बघून तो उतरला आणि त्यानं ते टोक धरलं. तिघांनी ओढल्यावर चिखलातून लांबच लांब मल्चिंग पेपर निघायला लागला. टरबुजाच्या वाफ्यांवर अंथरतात तो प्लॅस्टिकचा, खालून काळा, वरून रुपेरी. त्याला रोपांसाठी पाडलेली भोकं तशीच होती.

आमच्या शिवारात त्या उन्हाळ्यात टरबूज फक्त परमेश्वरनं केलं होतं. पीक निघाल्यावर पेपर गुंडाळून ओढ्यात लोटताना मी त्याला पुलावरून पाहिलं होतं. मंगलनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं हातातल्या पेपरकडं बघितलं. मी बाईंकडं.

मला वाटलं, आता त्या मान तिरकी करतील. आयुष्यभर ज्याला त्याला विचारलेला प्रश्न, आणि तो विचारायला ह्याच्यापेक्षा चांगली जागा त्यांना कुठं मिळणार होती? बाई खाली बसल्या आणि पेपरच्या टोकाचा चिखल बोटानं निपटून काढू लागल्या.

"मजबूत आहे रे," त्या म्हणाल्या. "ह्याचा पीळ चांगला बसेल."

परमेश्वरनं पेपर हातावर गुंडाळत गुंडाळत दुसऱ्या टोकापर्यंत चालत नेला, त्याचा बिंडा केला आणि बाईंच्या दारात नेऊन टाकला. गहू वेळेत पेरला गेला. कपाशी गेली ती गेलीच.

त्या हिवाळ्यात बाई गप्प गप्प असायच्या. चित्र नाही, पत्रा नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "बाप वर बसून शिव्या घालत असेल मला. आमच्याकडं रापण असते, माहितेय तुला? एवढं मोठं जाळं होडीतून समुद्रात सोडायचं, आणि दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर. आख्खं गाव दोर धरतं, बाया, म्हातारे सगळे. जड झालं की सैल सोडायचं, मग पुन्हा ओढायचं. मी लहानपणी ओढलीय. आणि इथं येऊन काय केलं? टोकं झाडांना बांधली आणि घरात जाऊन बसले."

पुढच्या उन्हाळ्यात दुसरं जाळं झालं. त्यात परमेश्वरच्या मल्चिंग पेपरचा पीळ होता. ह्या वेळी दोन्ही टोकांना लांब दोर लावले आणि बाई माणसं मागत दारोदार फिरल्या. पाणी येईल तेव्हा काठावर उभं राहून दोर धरायचा, भार आला की ढिला द्यायचा, कचरा काठाला ओढायचा. लोक हसले. "बाई, पाऊस पडल्यावर आमी आमची रानं बघू का तुमचा दोर धरू?" त्यांचंही बरोबर होतं. शेवटी आलो ते मी, भूगोलाचे सर, मंगल, आणि मंगलच्या मागून परमेश्वर.

बाईंनी आमच्याकडून कोरड्या ओढ्यात सराव करून घेतला. पात्रात पाण्याचा थेंब नाही, भर उन्हात आम्ही दोर धरून उभे आणि बाई मधोमध खडकावर उभ्या राहून ओरडतायत, "ढिला! ढिला रे मेल्यांनो! आता ओढा!" पुलावर एसटी थांबली होती. कंडक्टरसह सगळे खिडक्यांतून बघत होते. परमेश्वरचा चेहरा लाजेनं लाल झाला होता, पण त्यानं दोर सोडला नाही.

त्या पावसाळ्यात कोणाच्या रानात पाणी गेलं नाही. निघालेला कचरा ट्रॉलीत भरून माझ्या आवारात आला. दसऱ्यापर्यंत दोर धरणारी माणसं वाढली होती. त्यांच्या भांडणांवरून मला कळायचं, कोण कधी ढिला द्यायला चुकलं ते.

मग बाई पडल्या. ओढ्यात नाही, घरात, फाळक्याच्या दाराशी. खुब्याचं हाड मोडलं. जालन्याला ऑपरेशन झालं, पण एकटीनं राहणं आता शक्य नव्हतं. वेंगुर्ल्याहून भाची येऊन घेऊन गेली. जाताना गाडीत आडव्या होत्या. मंगल रडत होती. बाई तिला म्हणाल्या, "रडतेस काय गो? मी माहेरी चाललेय." आणि लगेच माझ्याकडं वळून, "शेठ, जाळं उंदरांपासून जप."

आता त्यांचा फोन येतो. भाची सांगते, त्यांची खाट समुद्र दिसेल अशी ठेवलीय, पण त्यांचं लक्ष मोबाईलवर. आमच्याकडं पाऊस झाल्याची बातमी कळली की लगेच विचारतात, "पाणी आलं का? किती आलं? कोण कोण आहे?" मी एकेकाचं नाव सांगतो. त्या प्रत्येकाला काहीतरी निरोप देतात, बहुतेक शिवीच.

यंदा श्रावणात ओढा दुपारी अचानक आला. मी पुलापाशी पोचेपर्यंत दोन्ही दोरांना माणसं लागली होती. पाण्याचा आवाज इतका, की ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नव्हतं. माझ्या खिशात फोन वाजायला लागला. माझे दोन्ही हात दोरात. मंगल माझ्या पुढं होती. तिनं एक हात सोडला, माझ्या खिशातून फोन काढला आणि कानाला लावला.

"पाणी आलं का गो?" बाईंचा आवाज मलाही ऐकू आला, एवढ्या मोठ्यानं त्या विचारत होत्या. "किती आलं? ढिला द्यायला सांग त्यांना, ऐकतेस ना? आधी ढिला..."

"बाई, ठेवा आता!" मंगल ओरडली. "हात मोकळा न्हाई. जाळं धरून राह्यलो आमी!" आणि तिनं फोन बंद करून माझ्या खिशात कोंबला.

संध्याकाळी, सगळं आवरल्यावर, मी भाचीला फोन लावला. मंगलचं बोलणं लागलं असेल, असं मला वाटत होतं. मी म्हणालो, "ताई, बाईंना सांगा, रागानं न्हाई ठेवला तिनं."

भाची हसायला लागली. म्हणाली, "अहो, राग कसला? दुपारपासून येईल त्याला सांगतेय. मासळीवाली आली तिला सांगितलं, डॉक्टर आले त्यांना सांगितलं. 'माझा फोन ठेवला गो तिनं,' म्हणते. 'माझ्याशी बोलायला वेळ नाही त्यांना.' आणि आज पहिल्यांदा पोटभर जेवली."